जागा धरून बसलेली खुर्ची

माझं काम माणसांना बसवून घेण्याचं. पण सलग पाच वर्षं माझ्यावर एकही माणूस बसला नाही. ऊन बसलं, धूळ बसली, एकदा एक मांजर बसलं, आणि तेही लगेच उठून गेलं, कारण मी डगमगते. मी एक खुर्ची आहे. लाकडाची, चार पायांची, त्यातला एक पाय जरा आखूड असलेली. खुर्चीसाठी माणसं भांडतात असं म्हणतात. माझ्या बाबतीत उलटं झालं. माणसांनी मलाच भांडायला रस्त्यावर उभं केलं.

पहिल्यापासून सांगते.

आम्ही चौघी बहिणी, एकाच लाकडातून, एकाच सुताराच्या हातून झालेल्या. सुतार हाताचा चांगला, पण तोंडाचाही तेवढाच. माझा चौथा पाय कापताना तो शेजाऱ्याला आपल्या जावयाचं गाऱ्हाणं सांगत होता, आणि जावयाच्या रागात करवत दोन सूत जास्त आत गेली. चूक लक्षात आल्यावर त्याने पायाखाली चामड्याचा तुकडा चिकटवला, मला दोनदा हलवून पाहिलं आणि म्हणाला, "आता कुणाच्या बापाला कळणार नाही." सहा महिन्यांत ते चामडं निघालं. तेव्हापासून मी अशी.

आम्हांला घेतलं ते एका बसच्या ड्रायव्हरने. सगळी गल्ली त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणते. काका बत्तीस वर्षं शहराची बस चालवत होते. काकू टपाल कचेरीत पत्रं लावायच्या. कुठली गोष्ट कुठे जायला हवी हे त्यांना एका नजरेत कळायचं. त्यांच्या लेकीने पहिल्याच दिवशी चौघींवर बसून पाहिलं आणि मला निवडलं. मी डगमगते म्हणूनच निवडलं. पाढे म्हणताना ती डुलायची, रुसली की डुलायची. "अगं, पडशील," काकू म्हणायच्या. "पडू दे, माझी खुर्ची आहे," ती म्हणायची. अठरा वर्षं ती पडली नाही. मग शिकली, नोकरी लागली, दूरच्या शहरात गेली. टेबलाभोवती आम्ही चौघी तशाच राहिलो, पण माझ्यावर आता बहुतेक वेळा इस्त्रीचे कपडे ठेवले जायचे.

पुढे काकूंच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, डायलिसिसला जायचं. सकाळी नऊला निघायचं, अडीचला परत. जाताना काकू चालायच्या, येताना नुसत्या पाय उचलायच्या. घराच्या दारापासून गाडीच्या दारापर्यंत चौदा पावलं. काकूंनी ती मोजलेली होती.

एका बुधवारी ते परत आले तर दारासमोर कुणाची तरी गाडी उभी. काका गल्ली संपेपर्यंत जागा शोधत गेले. काकूंना कोपऱ्यापासून चालत यावं लागलं. अर्ध्या वाटेवर त्या शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. चेहरा राखेसारखा झालेला. शिंप्याने पाणी आणलं. काका त्या पायरीशी उभे होते, हातात गाडीची किल्ली, आणि बत्तीस वर्षं अख्ख्या शहराला दारात नेऊन सोडणाऱ्या त्या माणसाला आपल्या बायकोला तिच्या दारात सोडता आलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी गाडी निघाली तेव्हा काकांनी मला उचललं आणि त्या रिकाम्या जागेच्या मधोमध ठेवलं. बहिणींपैकी मलाच का? मी डगमगत होते, घरात माझा उपयोग नव्हता. एवढंच कारण.

माझी ही नोकरी सोपी होती. गाडी गेली की उभं राहायचं. गाडी आली की शिंपी धावत येऊन मला फुटपाथवर ठेवायचा. वाहनं यायची, मला बघायची, चरफडायची आणि पुढे जायची. मला हात लावायची हिंमत कुणी केली नाही. माणसं माणसाला ओलांडून जातात, पण रस्त्यातल्या खुर्चीला मान देतात. याचं मला आजही नवल वाटतं.

आणि मग लागण झाली. महिनाभरात दातांच्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यापुढे फुलझाडाची कुंडी ठेवली. कुणी बादली ठेवली, कुणी जुना टायर. शिंप्याने तर कपडे चढवून दाखवायचा बिनमुंडक्याचा पुतळाच आणून उभा केला.

"अरे, तुझ्याकडे गाडी कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाची येते ना! आणि काका, सुरुवात कुणी केली? तुमच्या खुर्चीला सर्दी झाली, आता गल्ली शिंकतेय."

मी हसले. हसताना मी जास्त डगमगते. पण मला एक सांगायचंय, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. काकांना गरज होती. बाकीच्यांना सवय लागली. गरज आणि सवय रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या केल्या की अगदी सारख्या दिसतात.

दोन्ही बाजूंना गाड्या नाहीतर त्यांच्या नावाने ठेवलेल्या वस्तू, आणि मधे उरलेल्या चिंचोळ्या वाटेतून बाकी जग जायचं. त्या जगात एक सिस्टर होती. आमच्याच घरावरच्या खोलीत भाड्याने राहायची, तिशीही न गाठलेली, तोंडाने फटकळ. तिच्याकडे एक जुनी सायकल होती. ती ज्या दवाखान्यात नोकरीला होती, त्याच दवाखान्यात काकू डायलिसिसला जायच्या, आणि काकूंच्या हातात सुई घालायची ती हीच. काकू म्हणायच्या, "बाकीच्यांची सुई टोचते, हिची नुसती लागते."

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी, एका मंगळवारी, काका गाडीत विसरलेला चष्मा घ्यायला गेले. आत बसून शोधला, सापडला. उतरायला त्यांनी गाडीचं दार उघडलं, तेवढ्यात मागून सिस्टर आली. मी फुटपाथवरून सगळं पाहिलं. दाराची कड, सायकलचं हँडल, आणि डांबरावर टेकलेला तिचा हात. मनगट मोडलं.

"बघून चालवता येत नाही?" काका ओरडले. घाबरलेला माणूस आधी ओरडतो.

सिस्टर उठून बसली. हात छातीशी धरून म्हणाली, "काका, दार मी उघडलं का?"

पुढचे सहा आठवडे काकूंच्या हातात दुसऱ्या कुणाच्या सुया गेल्या. दंड काळानिळा होऊन त्या घरी यायच्या. काका बघायचे आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे. सिस्टरला ते एक शब्द बोलले नाहीत. जिन्यात ती दिसली की ते किल्ली शोधायला लागायचे. ती उतरून जाईपर्यंत ती किल्ली सापडायची नाही.

साधारण वर्षभराने विजेच्या खांबावर नगरपालिकेचा कागद चिकटला. गल्लीच्या एका बाजूला सायकलसाठी राखीव पट्टा करायचा आहे, त्या बाजूला वाहनं उभी करता येणार नाहीत, हरकती आणि सूचना महिन्याच्या आत कळवाव्यात. बाजू आमचीच होती.

त्या दिवशी संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात अख्खी गल्ली मावली. दुकान माझ्यापासून दहा हातांवर, मला सगळं ऐकू येत होतं.

"सायकली किती जातात हो दिवसाला?" डॉक्टर म्हणाले. "माझा पेशंट दाढ काढून, अर्धं तोंड बधिर, सायकलवर बसून घरी जाणार का?"

"बसला तरी तक्रार करणार नाही, बोलता कुठे येतंय त्याला!" शिंपी म्हणाला. सगळे हसले. मग तोच गंभीर झाला. "हसा तुम्ही. माझं गिऱ्हाईक दारात थांबतं म्हणून येतं. लांब थांबावं लागलं तर तयार कपडे घेईल आणि घरी जाईल."

"माझी बायको चौदा पावलं चालते," काका म्हणाले. "पंधरावं नाही." त्यावर कुणी हसलं नाही.

सिस्टर दारात सायकल धरून उभी होती. "सायकल ट्रॅक वाईट आहे असं इथे कुणीच म्हणत नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना तो हवा आहे. फक्त पलीकडच्या गल्लीत."

"तू कालची आलेली," डॉक्टर म्हणाले.

"आणि रोज याच रस्त्याने जाणारी. जीव मुठीत घेऊन. मूठ एकदा मोडलीय माझी."

काकांनी खिशात हात घातला. किल्ली.

शेवटी ठरलं असं: पुढच्या गुरुवारी नगरपालिकेचं माणूस किती वाहनं उभी असतात ते मोजायला येणार होतं. "त्या दिवशी एकही जागा बाहेरच्याला मिळता कामा नये," काका म्हणाले. बसची पाळी लावावी तशा त्यांनी सूचना दिल्या. "कामावर जाणाऱ्यांनी आपापली जागा धरून जा. विसरायचं नाही. त्यांना दिसलं पाहिजे, इथल्या प्रत्येक जागेला धनी आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते तेव्हाच खटकलं. पण खुर्चीला विचारतं कोण?

गुरुवार काकूंच्या डायलिसिसचा दिवस नव्हता, पण काका त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. दहाच्या सुमारास गल्लीत कुंड्या, बादल्या, टायर, एक लहान मुलांचा पाळणा, पुतळा आणि मी. एवढ्या शिस्तीत आम्ही पूर्वी कधी उभे राहिलो नव्हतो.

मोजणीवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, टापटीप, पुठ्ठ्याला कागद लावलेला. एकेका जागेपुढे थांबायच्या आणि खूण करायच्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा दमल्या होत्या. त्यांनी खांद्यावरची पिशवी माझ्यावर ठेवली, घाम पुसला, कागद माझ्या पाठीवर टेकवला आणि लिहिलं. अक्षर मला पाठीवर कळलं.

"रिकामी."

मला ओरडावंसं वाटलं. बाई, रिकामी नाही ही! इथे एक थकलेली बाई उतरणार आहे! पण मी लाकूड. त्यांनी पिशवी उचलली आणि पुढे जाऊन टायरपाशी पुन्हा तेच लिहिलं.

आठवड्याने खांबावर नवा कागद आला. एकतीस जागा, त्यातल्या एकोणीस कामाच्या वेळेत रिकाम्या, सबब वाहनतळाची गरज मर्यादित. शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी.

शिंप्याने तो कागद दोनदा वाचला आणि डोक्याला हात लावला. "काका, आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. एक नाही, एकोणीस."

शनिवारी काकांनी मला उचललं आणि डोक्यावर घेऊन गाडीकडे निघाले. मागे पुतळा खांद्यावर टाकून शिंपी. काकूंना घरी बसायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. "माझ्याबद्दल सभा, आणि मी घरी?" असं म्हणून त्या आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या. काका आम्हा दोघींना हॉलपर्यंत घेऊन गेले, एकीला पुढच्या सीटवर, दुसरीला मागच्या.

काकांनी मला साहेबांच्या टेबलासमोर धाडकन ठेवलं. "ही बघा तुमची रिकामी जागा."

साहेब म्हणजे रस्त्यांचे इंजिनिअर. भला माणूस, पण दुपारपासून ओरडा ऐकत बसलेला. "काका, आम्ही वाहनं मोजतो. खुर्च्या नाही."

"ही खुर्ची मी ओळखते," मोजणीवाल्या बाई हळूच म्हणाल्या. "हिच्यावर मी पिशवी ठेवली होती. मला काय माहीत, कुणाची ते."

"विचारायचं होतं!"

"दारं बंद होती हो सगळी. गल्लीत मी आणि हा पुतळा."

हॉल हसला. मग एकदम कालवा सुरू झाला. डॉक्टर कायदा सांगायला लागले, सिस्टर भिंतीशी उभी राहून त्यांना खोडायला लागली. "एका आजारी बाईचा तरी विचार करा!" कुणीतरी तिच्यावर खेकसलं, आणि ती लाल झाली. त्या आजारी बाईचा दंड तिच्याइतका त्या हॉलमध्ये कुणी ओळखत नव्हतं.

काकू दारात काठी टेकून उभ्या होत्या. बसायला जागा नव्हती. त्या सावकाश पुढे आल्या, मी मोजलं, अकरा पावलं, आणि माझ्यावर बसल्या.

पाच वर्षांनी! मला वाटलं, माझा आखूड पाय आता दगा देणार. मी डगमगले. काकूंनी एक हात माझ्या कडेवर ठेवला, जसा आईने लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि मी थांबले.

"माझ्या नावाने सगळेच बोलताहेत," त्या म्हणाल्या. आवाज बारीक, पण टपाल कचेरीतला. प्रत्येक शब्द आपापल्या खणात. "आता मी बोलते. मला दारात उतरायला हवं. त्याशिवाय मला जमणार नाही, हे खरं आहे. पण उतरायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. जाताना पाच, येताना पाच, आठवड्याला तीन फेऱ्या. अर्धा तास झाला. त्या अर्ध्या तासासाठी या खुर्चीने पाच वर्षं रस्ता अडवलाय. आणि ही मुलगी," त्यांनी काठीने भिंतीकडे दाखवलं, "उरलेल्या हातभर वाटेतून रोज निघते, कारण सकाळी माझी सुई तिने घालायची असते. साहेब, ती पोचली नाही, तर मी दारात उतरून काय करू?"



काका माझ्या मागे उभे होते. त्यांचे हात माझ्या पाठीवर होते.

"बत्तीस वर्षं," ते म्हणाले, पण साहेबांना नाही, भिंतीकडे बघून, "मी आरशात बघितल्याशिवाय दार उघडलं नाही. नव्या पोरांना शिकवायचो, आधी आरसा, मग हात. त्या दिवशी मी नाही बघितलं." मग सिस्टरकडे वळून विचारलं, "मनगट दुखतं का गं अजून?"

सिस्टरने मनगट वळवून पाहिलं. "थंडीत दुखतं, काका," ती म्हणाली. "पण सुई नीट लागते."

"लागते," काकू म्हणाल्या.

त्या एका दिवसात जग सुधारलं असं मी म्हणणार नाही. पण साहेबांनी नकाशा उघडला. पट्टा होणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आमच्या दारापुढे तो थोडा वळवून गाडीएवढा खण सोडायचा, चढण्या-उतरण्यासाठी, पाच मिनिटं. उभी करून ठेवायची नाही.

"आणि खुर्ची?" काकांनी विचारलं.

"रस्त्यावर नाही."

काकांनी बोटाने नकाशावर आपलं दार शोधलं. मग मान डोलावली. डॉक्टरांनी डोलावली नाही. ते अजूनही लेखी हरकती पाठवतात आणि गल्लीत प्रत्येकाला त्यांची प्रत वाचायला देतात. शिंप्याने पुतळा परत दुकानात नेला. त्याचं गिऱ्हाईक घटलं का, ते तो सांगत नाही, विचारलं तर म्हणतो, "पुतळ्याला विचारा, बाहेर तोच उभा असायचा." मला त्याची काळजी वाटते. बदल चांगला असला तरी त्याचा भार सगळ्यांच्या खांद्यावर सारखा पडत नाही, आणि ज्यांच्यावर जास्त पडतो त्यांना "सवय होईल" एवढंच सांगून निघून जाणं मला पटत नाही.

आता काकांची गाडी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात असते. सकाळी ते सहा मिनिटं चालत जातात आणि ती आणतात. पहिले काही दिवस कुरकुरले. आता कुरकुरतात, पण वेळेच्या आधी निघतात.

आणि मी? मी दाराशेजारी, फुटपाथच्या आतल्या बाजूला असते. काका गाडी आणायला गेले की काकू माझ्यावर बसतात. समोरून हिरवा पट्टा जातो. शाळेची मुलं जातात, एक आजोबा भाजीची पिशवी हँडलला अडकवून जातात, आणि सिस्टर जाते. घंटी दोनदा वाजवते. काकू काठी वर करतात. गाडी येईपर्यंत तेवढीच आमची करमणूक.

परवा काका चामड्याचा तुकडा आणि डिंकाची बाटली घेऊन आले. "हिचा पाय नीट करतो. तू पडशील एखाद्या दिवशी."

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "डुलायला बरं वाटतं." आणि त्या डुलल्या. अगदी लेकीसारख्या.

काकू हलक्या होत चालल्या आहेत. सोमवारच्या काकू आणि शुक्रवारच्या काकू यांच्या वजनातला फरक मला कळतो. मी कुणाला सांगत नाही. एखाद्या सकाळी काका गाडी आणायला जाणार नाहीत, आणि मी पुन्हा रिकामी असेन. तेव्हा कुणी माझी जागा नोंदवायला आलं, तर एवढंच करावं. लिहिण्याआधी दार वाजवावं. आत जो कुणी असेल, त्याला विचारावं, इथे कोण बसत होतं?